छोट्या ट्रॅक्टरला पंजा : जीएसटी घटला, पण पुढच्या एक्सलची ताकद तेवढीच

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत शेती यंत्रांवरील कर कमी करण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मशागत, पेरणी, कापणी आणि मळणीच्या यंत्रांनाही हाच दर लागू झाला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ३५ एचपीचा ट्रॅक्टर सुमारे ४१ हजार रुपयांनी स्वस्त होईल, असे केंद्रीय कृषिमंत्र्यांनी त्या वेळी जाहीर केले होते.

कर कमी झाला, त्यातच हंगामात मजूर मिळत नाहीत. त्यामुळे १८ ते ३० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि त्यावर पंजा (ग्रॅपल) बसवण्याबाबत विचारणा वाढणे साहजिक आहे. छाटणीच्या काड्या, उपटलेली डाळिंबाची झाडे, पऱ्हाटी, कडबा, शेणखत अशी कामे पंजा पटापट करतो, हे खरेच आहे. मात्र खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासायला हव्यात. आपल्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल किती वजन पेलतो? आणि वर्षाला किती तास काम मिळणार? या दोन प्रश्नांपुढे करातील सवलत दुय्यम ठरते. ती कशी, हे पुढे हिशेबाने पाहू.

कर सवलत नेमकी कशावर?

ट्रॅक्टरवर ५ टक्के कर आहे म्हणून त्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तोच दर लागतो, असे नाही. कर वस्तूच्या एचएसएन क्रमांकावरून ठरतो. मशागत व पेरणीची यंत्रे ८४३२, कापणी-मळणीची यंत्रे ८४३३ आणि इतर काही शेती यंत्रे ८४३६ या क्रमांकाखाली येतात. उचलणे, भरणे, चढ-उतार करणे ही कामे करणाऱ्या यंत्रांचे शीर्षक वेगळे आहे. त्यामुळे लोडर आणि पंजाला ५ टक्केच कर लागेल असे गृहीत धरू नये. कोटेशनवर एचएसएन क्रमांक, कराचा दर आणि करासह एकूण किंमत लिहून घ्यावी. लोडर, पंजा, व्हॉल्व, पाइप आणि बसवणी यांच्या किमती वेगवेगळ्या मागाव्यात.

अनुदानाबाबतही अशीच काळजी घ्यावी. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात घटक आणि लाभार्थी गटानुसार साधारण ४० ते ५० टक्के अनुदान मिळते आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. परंतु हवे असलेले जोडयंत्र मंजूर यादीत आहे का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारावे. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केल्यास अनुदान मिळत नाही. विक्रेत्याने "नंतर बसवून घेऊ" असे सांगितले तरी पूर्वसंमतीशिवाय पैसे भरू नयेत.

वजनाचा हिशेब

छोट्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ५०० ते ७५० किलो उचल क्षमता लिहिलेली असते. ही क्षमता मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजची असते. पुढच्या लोडरशी तिचा संबंध नसतो. इथेच अनेकांची फसगत होते.

उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन ८५० किलो आहे. त्यापैकी ३४० किलो पुढच्या चाकांवर आणि ५१० किलो मागच्या चाकांवर येते. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील अंतर दीड मीटर आहे. त्यावर पुढीलप्रमाणे वजन चढवले :

- लोडरची चौकट व भुजा : २०० किलो (वजनाचा मध्य पुढच्या एक्सलच्या ०.२ मीटर पुढे)
- पंजा : १०० किलो (एक्सलच्या १.२ मीटर पुढे)
- पंजातील माल : १५० किलो (तेवढ्याच अंतरावर)

एकूण ४५० किलो वजन वाढले. पण पुढच्या एक्सलवर केवळ ४५० किलो वाढत नाहीत. वजन एक्सलच्या पुढे असल्याने तराजूसारखी क्रिया होते आणि मागच्या चाकांवरचे सुमारे २२७ किलो वजनही पुढे सरकते. चालकाचे वजन सोडून हिशेब असा होतो :

- पुढच्या एक्सलवर : ३४० वरून १,०१७ किलो
- मागच्या चाकांवर : ५१० वरून २८३ किलो

म्हणजे पुढच्या एक्सलवर तिप्पट भार आला आणि मागच्या चाकांवर एकूण वजनाच्या जेमतेम २२ टक्के उरले. अशा वेळी मागची चाके घसरतात. मागच्या चाकांवर चालणारा ब्रेकही नीट लागत नाही. उतारावर किंवा सरीच्या वरंब्यावर एक चाक चढले की ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका असतो.

आता मागच्या थ्री-पॉइंटला, मागच्या एक्सलपासून ०.८ मीटर मागे, २०० किलोचे प्रतिवजन लावले. पुढचा भार १,०१७ वरून ९१० किलोवर येतो आणि मागचा २८३ वरून ५९० किलोवर जातो. मागे आता ३९ टक्के वजन आहे. माल उचललेल्या स्थितीत एकूण वजनाचा किमान एक तृतीयांश भाग मागच्या चाकांवर राहावा, असे धोरण ठेवावे. प्रतिवजनाने ती अट पूर्ण झाली.

तरीही पुढच्या एक्सलवर ९१० किलो आहेतच. समजा, त्या एक्सलची कंपनीने दिलेली मर्यादा ७५० किलो आहे. या मांडणीत पंजातील प्रत्येक किलो मालामुळे पुढच्या एक्सलवर १.८ किलो भार पडतो. त्यामुळे १६० किलो भार कमी करायचा तर माल ८९ किलोने कमी करावा लागेल. म्हणजे पंजात फक्त ६० किलोच्या आसपास माल घेता येईल. ६० किलो माल उचलण्यासाठी ३०० किलोचे लोखंड आणि २०० किलोचे प्रतिवजन वागवायचे का, हा विचार खरेदीआधीच करायला हवा.

टायरमध्ये पाणी भरल्याने काम भागेल का? पाणी भरल्यास मागच्या चाकांवर वजन वाढते आणि पकड सुधारते. पण ते वजन थेट मागच्या एक्सलवर असते. त्यामुळे पुढच्या एक्सलवरचा भार कमी होत नाही. तो कमी करायचा तर प्रतिवजन मागच्या एक्सलच्याही मागेच हवे.

वजनकाट्यावर करायची तपासणी

ही तपासणी गावाजवळच्या वजनकाट्यावर अर्ध्या तासात होते. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गटाच्या बैठकीत एकदा प्रात्यक्षिक दाखवल्यास अनेकांचे नुकसान टळेल.

१. आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाके आणि नंतर फक्त मागची चाके काट्यावर घेऊन तीन वजने लिहून घ्यावीत.
२. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतून पुढच्या एक्सलची कमाल मर्यादा आणि पुढच्या टायरची भारक्षमता पाहावी. दोन्हीपैकी जी कमी असेल ती आपली मर्यादा मानावी. पुस्तिकेत आकडा नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी घ्यावा.
३. विक्रेत्याकडून लोडर व पंजाचे प्रत्यक्ष वजन घ्यावे आणि वरच्या पद्धतीने हिशेब करावा.
४. बसवणीनंतर पंजात माल घेऊन, भुजा जमिनीपासून थोडीच वर ठेवून, पुन्हा तीच वजने करावीत.

हिशेब बसत नसेल तर सौदा थांबवावा. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल टू व्हील ड्राइव्हच्या साध्या बीम एक्सलपेक्षा सहसा मजबूत असतो. टू व्हील ड्राइव्ह छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर लावणे शक्यतो टाळावे.

मागे बसणारा पंजा

३० एचपीच्या आतील ट्रॅक्टरसाठी थ्री-पॉइंटला जोडायचा पंजा हा पर्याय आधी पाहावा. खाली काट्यांची चौकट, वर एका सिलिंडरवर उघडझाप करणारा जबडा, अशी त्याची साधी रचना असते. चांगला फॅब्रिकेटर ती बनवू शकतो.

वरच्याच ट्रॅक्टरला १०० किलोचा पंजा आणि १५० किलो माल मागच्या एक्सलपासून एक मीटर मागे लावला, तर मागच्या चाकांवर ९२७ आणि पुढे १७३ किलो येतात. मागचा एक्सल आणि मोठे टायर मुळातच जास्त भारासाठी बनवलेले असतात. मात्र पुढे १६ टक्केच वजन उरल्याने स्टिअरिंग हलके पडते. पुढच्या बंपरवर, एक्सलच्या अर्धा मीटर पुढे, ६० किलोची वजने लावल्यास पुढचा भार २५३ किलो, म्हणजे सुमारे २२ टक्के होतो. स्टिअरिंगसाठी पुढे किमान २० टक्के वजन हवे, ती अट इथे पूर्ण होते.

या पर्यायाची मर्यादाही समजून घ्यावी. मागची लिंकेज फार उंच जात नाही. त्यामुळे बांधावर ढीग करणे, काड्या ओळीतून बाहेर काढणे, श्रेडरपर्यंत पऱ्हाटी नेणे ही कामे होतात, पण ट्रॉली भरता येत नाही. ट्रॉली भरणे हेच मुख्य काम असेल तर मोठा ट्रॅक्टर किंवा भाड्याचे यंत्र घ्यावे. ऊसभरणीसाठी ग्रॅबर असलेले ट्रॅक्टर मोठ्या एचपीचे आणि भक्कम चौकटीचे असतात. त्यांच्याकडे पाहून छोट्या ट्रॅक्टरवर तसाच प्रयोग करू नये.

कोणत्या कामाला कोणता पंजा?

- काड्या, पऱ्हाटी, काटेरी झुडपे : खाली मोकळे काटे आणि वर जबडा असलेला पंजा घ्यावा. काट्यांमधून माती गळून पडते. हा माल वजनाने हलका पण आकाराने मोठा असतो, म्हणून जबडा जास्त उघडणारा हवा.
- शेणखत : जवळजवळ काटे असलेली बादली व वर जबडा. ओले शेणखत जड असते. बादली अर्धी भरूनच काम करावे.
- खोड, ओंडके : कमी रुंदीचा, जाड पात्यांचा पंजा. ओंडका मधोमध धरावा, नाहीतर एका बाजूचा झोल भुजांना पीळ देतो.

पंजाची रुंदी ट्रॅक्टरच्या बाहेरच्या टायरांच्या रुंदीपेक्षा जास्त नसावी. नऊ-दहा फुटांच्या द्राक्ष ओळीत रुंद पंजा खोडांना आणि तारांच्या खांबांना लागतो. जाड पत्र्याचा पंजा मजबूत दिसतो, पण पंजाचे वाढलेले प्रत्येक किलो वजन उचलायच्या मालातून वजा होते.

प्रत्येक वेळी माल उचलायलाच हवा का, हेही पाहावे. उसाचे पाचट शेताबाहेर काढण्यासाठी पंजा घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पाचट सरीतच ठेवून प्रतिटन ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक वापरून कुजवावे. द्राक्षाच्या निरोगी काड्याही ओळीतच बारीक करता येतात. याउलट कपाशीची पऱ्हाटी गुलाबी बोंड अळीच्या बंदोबस्तासाठी वेळेत शेतातून हलवावी लागते आणि मर रोगाने गेलेली डाळिंबाची झाडे बागेबाहेर काढावीच लागतात. पंजाचे खरे काम अशा ठिकाणी आहे.

हायड्रोलिकची जोडणी

पुढच्या लोडरला भुजा वर-खाली करणे आणि पंजा पुढे-मागे झुकवणे यासाठी दोन दुहेरी व्हॉल्व लागतात. जबड्याची उघडझाप हे तिसरे काम आहे. त्यासाठी तीन लिव्हरचा व्हॉल्व किंवा दोन लिव्हरच्या व्हॉल्वला बटणावर चालणारा डायव्हर्टर लावावा. मागच्या पंजाला फक्त एक दुहेरी व्हॉल्व पुरतो.

छोट्या ट्रॅक्टरच्या पंपातून तेल कमी येते. तरी जबड्यासाठी ते पुरेसे असते. ५० मिमी बोअर आणि २०० मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरला सुमारे ०.४ लिटर तेल लागते. मिनिटाला १५ लिटर तेल देणारा पंप ते दीड सेकंदात भरतो. १५० बार दाबाला हा सिलिंडर सुमारे तीन टन जोर लावतो. जबड्याच्या टोकाशी तो कमी होतो, तरी काड्या-झुडपांसाठी भरपूर असतो. म्हणून मोठा सिलिंडर लावण्याचा किंवा रिलीफ व्हॉल्वचा दाब वाढवण्याचा मोह टाळावा. दाब वाढवल्याने एक्सलची ताकद वाढत नाही, फक्त पंप आणि पाइप लवकर खराब होतात.

जोडणी करताना पुढील बाबी तपासाव्यात :

- नवीन व्हॉल्वमधून तेल पुढे थ्री-पॉइंटच्या लिफ्टकडे जाण्यासाठी पॉवर बियाँड पोर्ट असावा आणि टाकीकडे जाणारी परतीची लाइन वेगळी असावी. ही जोडणी चुकल्यास लिफ्ट चालत नाही किंवा व्हॉल्वची बॉडी फुटते.
- सिलिंडर भरल्यावर तेलाची पातळी उतरते. सर्व सिलिंडर दोन-तीन वेळा हळू चालवून हवा काढावी आणि मग तेल पातळी पूर्ण करावी.
- पाइप चाकाला, सायलेन्सरला किंवा भुजेच्या सांध्याला घासत नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.
- गळती हाताने तपासू नये. दाबाखालचे तेल कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे. कपलर काढण्यापूर्वी पंजा जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब सोडावा.

चौकट बसवताना

छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स बोल्टने एकमेकांना जोडून कणा बनलेला असतो. लोडर फक्त पुढच्या बाजूला बोल्टने बसवला तर सगळा ताण क्लच हाउसिंगच्या जोडावर येतो आणि तिथे तडा जाण्याचा धोका असतो. चौकटीच्या पट्ट्या मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत गेलेल्या असाव्यात. ट्रॅक्टरच्या बॉडीवर वेल्डिंग करू देऊ नये. बसवणीमुळे वॉरंटी कायम राहते का, याचे उत्तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. विमा कंपनीलाही बदल कळवावा.

पुढच्या टायरमधील हवा माहितीपुस्तिकेतील भारानुसार ठेवावी. मागच्या चाकांमधील रुंदी ओळ परवानगी देईल तितकी वाढवावी. पहिल्या दहा तासांनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. किंगपिन आणि पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनला कामाच्या दिवसांत रोज ग्रीस द्यावे.

चालवताना माल नेहमी जमिनीलगत ठेवावा. उंच धरलेला ओंडका भुजांवरून घरंगळत थेट चालकाच्या अंगावर येऊ शकतो. रोल बार नसलेल्या ट्रॅक्टरवर पुढचा लोडर वापरू नये. वर उचललेल्या पंजाखाली कोणीही जाऊ नये.

वर्षाला किती तास?

समजा, मागच्या पंजासह संपूर्ण जोडणीचा खर्च कराशिवाय दोन लाख आणि ५ टक्के करासह २,१०,००० रुपये आहे. आठ वर्षांचे आयुष्य, शेवटी १० टक्के मोल, सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के व्याज आणि ४ टक्के दुरुस्ती धरली, तर वर्षाचा स्थिर खर्च सुमारे ४३,६०० रुपये येतो. तासाला डिझेल आणि चालकाचा खर्च ३३० रुपये धरू. जे काम चार मजूर अर्ध्या दिवसात करतात ते पंजा एका तासात करतो आणि मजुरी दिवसाला ४०० रुपये आहे, असे मानले तर तासाला ८०० रुपये मजुरी वाचते. निव्वळ बचत ४७० रुपये होते. म्हणजे खर्च निघायला वर्षाला सुमारे ९३ तास काम हवे.

याच जोडणीवर जुना १२ टक्के कर असता तर किती तास लागले असते? सुमारे ९९. म्हणजे पूर्ण सात टक्क्यांची सवलत मिळाली तरी वर्षाला फरक फक्त सहा तासांचा पडतो. पाच एकरांच्या शेतात पंजाचे काम वर्षाला २०-२५ तासांचे असेल, तर करात कितीही सूट मिळाली तरी हिशेब जुळत नाही. आपल्या भागातील मजुरी, भाडे आणि किमती टाकून हाच हिशेब पुन्हा करावा.

म्हणून एकट्याने खरेदी करण्यापेक्षा चार-पाच शेतकऱ्यांनी, शेतकरी गटाने किंवा अवजारे बँकेने एक पंजा घेणे अधिक व्यवहार्य ठरते. पऱ्हाटीचा काळ, छाटणीचा काळ आणि उन्हाळ्यातील शेणखत यांच्या वेळा वेगवेगळ्या असल्याने तास भरून निघतात. खरेदीआधी एक हंगाम भाड्याने यंत्र वापरून तासांची वही ठेवावी. वहीतील तास आणि वजनकाट्याची पावती, दोन्ही हाती आल्यावरच विक्रेत्याशी किमतीची बोलणी सुरू करावीत.